उपासाच्या ताटातलं दार

मी तेव्हा बारामतीला एम.एस्सी. करत होते, आणि सेमिनारचा विषय होता मेंदूतले ग्राही, म्हणजे रिसेप्टर. गाबा नावाचं रसायन पेशीवरच्या ज्या दाराशी येतं आणि पेशीला शांत करतं, त्या दाराची घडण. पाच तुकडे गोल उभे, मध्ये भोक. दोन अल्फा, दोन बीटा, एक गॅमा. कोण कुणाशेजारी, हे काही केल्या माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं.

त्यात घरचा घोर. कळंबला धाकट्या बहिणीला गोळी चालू असूनही फिट यायच्या. आता आणखी एक आली की तिचं कॉलेज बंद, असं वडलांनी सांगून टाकलेलं, आणि बारावीची परीक्षा तोंडावर. पोरगी माझ्यापेक्षा हुशार. माझा जीव नुसता तुटायचा. आईचं तिला म्हणणं, सोमवार कडक धर, महादेव बघतोय.

अशाच एका सोमवारी मी घरी होते. आईनं बहिणीपुढं फराळाचं ताट ठेवलं. मी सहज विचारलं, गोळी घेतलीस का? आज सोमवार ना, म्हणाली. मला कळेना. मग आईनंच मला समजावलं.

"डाक्टर म्हनला, जेवनानंतर घ्यायची. उपासाला जेवन असतंय व्हय?"

मी कपाळावर हात मारला. फिट नेमक्या मंगळवारी यायच्या! तोंडावर आलेली शिवी गिळली. आई बिचारी सांगितलेलं तंतोतंत पाळत होती. आणि गोळी मेंदूत कुठं बसते ते सांगत फिरणाऱ्या मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं, की ती पोटात कधी जाते. लाज वाटली.

बहिणीचं ताट ओढलं. रताळं, बटाटा, रताळं, बटाटा आणि पाचवा खजूर, अशा फोडी गोल मांडल्या. मध्ये शेंदेलोणाची चिमूट. हे मेंदूतलं दार, म्हटलं; रताळं अल्फा, बटाटा बीटा, खजूर गॅमा. गाबा आला की उघडतं, मिठातला एक अंश आत जातो, पेशी गप होते. गोळी स्वतः दार उघडत नाही. ती या रताळ्याच्या आणि खजुराच्या मध्ये बसते आणि गाबाला जोर देते. खजूर काढला तर तिला बसायला जागाच नाही.

"म्हंजे सोमवारी जागा मोकळीच," बहीण हळूच म्हणाली.

आई ताटाकडं बघत राहिली. उपासाला काय चालतं नि काय नाही, हे सगळी आळी तिलाच विचारायची. तिनं नाही म्हटलं की विषय संपला. निकालाच्या दिवशी बसावं तशी मी बसून राहिले.

"रताळं, बटाटा, खजूर, शेंदेलोण. समदं उपासाचंच हाय की," ती म्हणाली, आणि फडताळातली गोळी काढून बहिणीच्या हातावर ठेवली. "घे. चालती उपासाला."

तो मंगळवार फिट न येता गेला. त्याच्या पुढचेही गेले. मार्चात बहीण इंदापूरला परीक्षेला निघाली, तेव्हा एक पेपर सोमवारी होता. आईनं दिलेली पुडी मी उघडून बघितली. एक रताळ्याची फोड, एक खजूर, आणि दोघांच्या मध्ये गोळी.