मामा होते किती

शनिवारी सकाळी विश्रांतवाडीतल्या दंतवैद्यांनी मुलाचा दात काढला. तो सहा वर्षांचा होता. कापसाचा बोळा दाबून धरला, रक्त थांबलं, आम्ही घरी आलो. दुपारी जेवताना ते पुन्हा सुरू झालं. हिरडीवर जेलीसारखी गाठ धरायची, निसटायची, की परत रक्त. रविवारी सकाळी त्याचे ओठ पांढरे पडले, तेव्हा त्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. नवरा कंपनीतर्फे अमेरिकेत होता. माझी आई तेव्हा आमच्याकडेच राहत असे, ती सोबत आली.

रक्तविकारांच्या डॉक्टरबाईंनी अहवाल वाचता वाचताच विचारलं,

"मामा किती तुम्हाला?"

"एक."

"आहेत किती, ते नाही विचारलं. होते किती?"

मी उत्तर द्यायच्या आत बाकावरून आई म्हणाली, "तीन."

एक जण दात पडताना गेला होता, दुसरा सायकलवरून पडून. तेव्हा माझं वय तेहतीस होतं आणि हे मी प्रथमच ऐकत होते. आईचं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. तिकडून फारसं कुणी पुण्याला येत नसे. माझ्या लग्नाच्या वेळी बायोडेटा आईनेच लिहिला होता. त्यात रास, नाडी, रक्तगट होतं आणि मामांच्या रकान्यात 'एक, शेती' एवढंच.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रक्तद्रवात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स वाहत असतात. शीर फाटली की प्लेटलेट्स तिथे चिकटतात आणि तात्पुरतं बूच बसवतात. मग रक्तद्रवातले दहा-बारा घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी फायब्रिनचे धागे विणले जाऊन ते बूच पक्कं होतं. माझ्या मुलात यांतला आठवा घटक जवळपास नव्हता. त्यामुळे खरचटलेलं थांबे, दाताच्या खळग्यातलं थांबत नसे. हा दोष आई वाहते आणि मुलगा भोगतो.

मला हे नवीन नव्हतं. मी एका दैनिकात उपसंपादक होते आणि काही वर्षांपूर्वी रविवारच्या पुरवणीत यावर लेख लिहिला होता. ऐन वेळी गृहप्रकल्पाची जाहिरात वाढली. आमच्याकडे मजकूर खालून कापत. शेवटचे दोन परिच्छेद मीच काढले. घटक आणि हा आजार त्यांतच होता. किरकोळ जखमेचं रक्त काही मिनिटांत प्लेटलेट्स थांबवतात, इथे छापलेला लेख संपला.

सोमवारी मुलाला आठव्या घटकाचं इंजेक्शन देऊन झालं होतं. त्याचं रक्त थांबलं होतं. वॉर्डाबाहेर मी आईला विचारलं, "माहीत असून तू त्याचा दात काढू दिलास?"

"मी बघत होते ना. तो पडला, खरचटलं, की घड्याळ लावून बसायचे. पाच मिनिटांत थांबायचं. तुझ्याच लेखात होतं तसं. मला वाटलं, सुटलो."

मला वाटायचं, ती नातवाच्या जखमेवर फुंकर घालते आहे.

"मला सांगायचं होतंस."

"कधी? लग्नाआधी? झालं असतं तुझं लग्न?"

"मग नंतर."

"तू पेपरवाली बाई. चार लोकांत बोलून मोकळी झाली असतीस."

मग तिने आवाज खाली आणला. माझी धाकटी बहीण खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि तिचं ठरत आलं होतं. "तिला एवढ्यात सांगू नकोस. सुपारी फुटू दे." बहिणीचाही बायोडेटा आईनेच लिहिला होता.

मी आईसमोरच मोबाइल लावला.

"ताई, क्लायंट लाइनवर आहे गं. कसा आहे पिल्लू?"

"बरा आहे. तू बाहेर ये आधी."

दार लागल्याचा आवाज आला. "हं, बोल."

मी सांगितलं. आजाराचं नाव, तीन मामा, कोण कशानं गेलं, आणि तिनेही रक्त तपासून घ्यायला हवं.

"आईला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला हे न सांगता उद्या सुपारीला माणसं बोलावली तिने?"

मी फोन आईपुढे धरला. तिने हात पुढे केला नाही. थर्मास उचलून ती वॉर्डात गेली.

"ताई, मी त्यांना काय सांगू?"

"ते तू ठरव. सांग, नाहीतर नको सांगू. पण ठरवणारी तू अस."

ती म्हणाली, "तपासणी कुठे होते ते मेसेज कर," आणि फोन ठेवला. त्यानंतर कित्येक महिने आई आणि मी मुलाच्या औषधांपुरतंच बोलत होतो.