दोन पिनांचा नट

आमचे मिस्त्री उस्ता फतहल्ला यांना एक खोड होती. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं, की ते खाली वाकून बघायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे, "याला माझ्याआधी कुठल्या गाढवाने हात लावलाय?"

उत्तराची अपेक्षा नसायचीच. कोणी क्रूसाची खूण करतो, कोणी बिस्मिल्ला म्हणतो, उस्ता आधीच्या मिस्त्रीला शिवी घालून काम सुरू करायचे. वर्दियानच्या आमच्या गल्लीत इंजिनवाला वेगळा, वायरिंगवाला वेगळा, आणि गाडीच्या पोटाखालचे सांधे, स्प्रिंगा बघणारा वेगळा. उस्ता पोटाखालचे. चाळीस वर्षं त्यांनी अलेक्झांड्रियाच्या गाड्या फक्त खालूनच बघितल्या. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत. मला भर लग्नात विचारलं होतं, "तू तो डावीकडून खडखडणारा ना?" माझंच लग्न होतं ते!

आता त्यांच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी तिथून टॅक्सी नेतो तेव्हा अजून रॉकेलचा आणि पुदिन्याच्या चहाचा वास येतो असं मला वाटतं. बायको म्हणते, म्हातारा झालास. असेन. पण एका मंगळवारची गोष्ट मला सांगायलाच हवी.

त्या मंगळवारी दुपारी दोनच्या आत माझी टॅक्सी तपासणीला उभी राहायला हवी होती. डाव्या चाकाचा खालचा सांधा हलतो म्हणून साहेबाने आधी परत पाठवलं होतं आणि तीच शेवटची तारीख होती. चुकली असती, तर बाबांपासून चालत आलेलं टॅक्सीचं लायसन रद्द, आणि एकदा रद्द झालं की पुन्हा मिळत नाही. घरात तीन पोरं, आणि गाडी चालवण्यापलीकडे मला येतं काय? काही नाही.

मी शहाणा. सकाळी उस्तांचं दुकान उघडायच्या आधी म्हटलं, आपणच नट ढिला करून ठेवू, तेवढाच वेळ वाचेल. शेजारच्या प्लंबरचा पाईप पाना आणला आणि लावला जोर. तीनदा सटकला. नटाचे सहाही कोपरे साफ झाले, कोपर फुटलं ते वेगळंच. नट मात्र जागचा हलला नाही.

नऊ वाजता उस्ता गाडीखाली गेले आणि रोजची आरती सुरू झाली.

"कुठल्या गाढवाने हात लावलाय? अरे वगदी, हे कोपरे कोणी खाल्ले? उंदरांनी?"

"कोण जाणे, उस्ता," मी म्हटलं आणि कोपरावरची बाही खाली ओढली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आणि हे डांबर! नट आहे का खजुराची वडी?"

ते खरं होतं. आमच्याकडे समुद्राची खारी हवा लोखंड खाऊन टाकते, म्हणून हिवाळ्यातली वादळं सुरू व्हायच्या आधी आम्ही गाडीच्या पोटाला डांबर आणि जुनं ऑइल फासतो. बाबा दर वर्षी फासायचे, त्यांच्यामागे मीही. नटावर बोटभर थर बसला होता.

उस्तांनी बाजूबाजूचं डांबर खरवडलं, तारेचा ब्रश मारला, रॉकेल सोडलं आणि बाहेर येऊन चहा मागवला. माझा जीव टांगणीला लागलेला!

"उस्ता, दहा वाजले."

"रॉकेलला आत जायला वेळ लागतो. तुझ्यासारखं नाही ते, दार न वाजवता घुसणारं."

चहा झाल्यावर त्यांनी एका नंबरने लहान रिंग पाना हातोडीने नटावर ठोकून बसवला. झटका दिला. पाना सटकला. मग छिन्नी लावली, नटाच्या कडेवर तिरकी, उघडायच्या दिशेने. टण्, टण्, टण्. कडेला खाच पडली, नट नाही हलला.

"गॅस लावा ना उस्ता, लाल करा!"

"शेजारी ब्रेकचा पाईप आहे, तो तुझा काका येऊन बदलेल? आग सगळ्यात शेवटी." साडेअकरा झाले. मी गल्लीत येरझाऱ्या घालत होतो. समोरचा फलाफलवाला ओरडला, "वगदी, बस की! तुला बघून माझं तेल तापतंय." मी त्याला नको ते बोललो. नंतर माफी मागितली, पण तेव्हा बोललो.

शेवटी उस्तांनी ब्रेकच्या पाईपाला ओलं फडकं गुंडाळलं आणि बारीक ज्योत मारणारा लहान दिवा पेटवला. हेतू असा की नट तापला की त्याला मेणबत्ती टेकवायची, मेण विरघळून आट्यांत उतरतं आणि गंज सोडवतं. दिवा नटावर धरला, तसं टोकावरचं डांबर वितळून खाली टपकायला लागलं. आणि एकदम उस्तांच्या शिव्या थांबल्या.

मला वाटलं भाजलं त्यांना. मी वाकून आत डोकावलो.

नटाच्या टोकावर, नट आणि बोल्ट जिथे भेटतात तिथे, पंच मारलेले तीन ठिपके होते. त्रिकोणात. नट फिरू नये म्हणून त्याच्यातून आरपार पिन घालायची असते. पिन हाताशी नसली, तर पंचाने आटे ठेचून नट अडकवायचा, ही आमच्या गल्लीची वेळ मारून न्यायची रीत. प्रत्येक उस्ताची खूण वेगळी. एकाचे दोन ठिपके, एकाची रेघ. त्रिकोण फक्त एकाचा.

"तो गाढव मीच रे," उस्ता गाडीखालून म्हणाले.

ते बाहेर आले, बादलीवर बसले.

"तुझ्या लग्नाचा गुरुवार. वरातीला गाडी पाहिजे म्हणून तुझे बाबा, हाज रिझ्क, दुपारी धावत आले. सांधा बसवला, पण पिन संपलेली, दुकानं बंद. मी ठेचून दिलं. म्हटलं, शनिवारी या, पिन घालतो. शनिवारी मी पिन खिशात ठेवून बसलो होतो. पुढच्याही शनिवारी. मग विसरलो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तेरा वर्षं! तुझी पोरं बसली या गाडीत. आणि मी इथे बसून जगाला गाढव म्हणतोय."

बाबा त्या शनिवारी का गेले नाहीत ते मला ठाऊक होतं. गाडी चालतेय तोवर मिस्त्रीकडे न्यायची नाही, ही आमच्या घराण्याची जुनी खोड. ते सांगितलं तरी उस्ता मान वर करेनात. मला ते बघवेना. बारा वाजून गेले होते, लायसन हातचं चाललं होतं, पण त्या क्षणी मला वाईट वाटत होतं ते त्या म्हाताऱ्याचं.

मी बाही वर केली. "उस्ता, कोपरे मी खाल्ले. सकाळी. पाईप पान्याने."

त्यांनी माझ्या सोललेल्या कोपराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग असे हसले की फलाफलवाला बघायला आला.

"पाईप पाना! अरे, तुझ्यापेक्षा उंदीर बरे! चल, सरक."

कुठे अडलंय ते आता कळलं होतं. टोकदार छिन्नीने त्यांनी आपलेच तीन ठिपके एकेक करून उडवले, पुन्हा दिवा धरला, मेणबत्ती टेकवली. मेण आत शिरलं. पाना ठोकून बसवला आणि झटका दिला. नट असा किंचाळला की माझ्या अंगावर काटा आला, आणि फिरला. मी उस्तांच्या डोक्याचा मुका घेतला, डांबरासकट.

नवा सांधा, नवा नट बसला. पिन घालताना बघितलं तर उस्ता त्याच भोकात दोन बारीक पिना दाबून घालत होते.

"दोन कशाला?"

"एक आजची. एक त्या शनिवारची."

दोनला दहा कमी असताना गाडी तपासणीला उभी राहिली आणि पास झाली. उस्ता पुढच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या मयतीला टॅक्स्यांची एवढी रांग लागली होती, पण त्यांच्या शेवटच्या वर्षात मी किती वेळा नुसता चहाला गेलो? दोनदा. याची मला अजून लाज वाटते.

परवा सांधा पुन्हा वाजायला लागला. पलीकडच्या गल्लीत शनूदा म्हणून नवा मिस्त्री आहे, त्याच्याकडे गेलो. चाक काढून तो खाली वाकला आणि ओरडला, "याला माझ्याआधी कुठल्या गाढवाने हात लावलाय? एका भोकात दोन पिना!"

"आमच्या," मी म्हटलं.

तो बाहेर येऊन माझ्याकडे बघतच राहिला. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "काढ त्या. पण घालताना तूही दोनच घाल."