हॅरोच्या बाईंचं पत्र

ज्या बाईंच्या नावाखाली मी ते पत्र लिहिलं, त्या कधी अस्तित्वातच नव्हत्या. त्यांचं वय मी चौसष्ट ठरवलं, त्यांना लंडनच्या हॅरो भागात राहायला पाठवलं आणि त्यांचा डावा कान तीन महिने बंद ठेवला. मग मीच तो उघडला.

हे सगळं मला सुचलं माझ्या नोकरीमुळे. दक्षिण लंडनमधल्या एका छोट्या संग्रहालयात मी आठवड्यातून तीन दिवस कॅटलॉगिंग करते. त्या वर्षी माझ्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या औषधांच्या जाहिरातींची खोकी आली होती. रक्त शुद्ध करणाऱ्या गोळ्या, कंबरेला बांधायचे विजेचे पट्टे, आणि स्वतःला ‘स्पेशालिस्ट’ म्हणवणारे कितीतरी डॉक्टर. यांतल्या बऱ्याच जणांनी रोग्याला कधी पाहिलेलंही नसे. रोग्यानं आपली तक्रार पत्रानं कळवायची आणि पोस्टानं बाटली यायची. बहिरेपणावरच्या औषधांचं तर एक अख्खं खोकं होतं. प्रत्येक कागदावर बऱ्या झालेल्यांची पत्रं: कुणा पाद्र्याच्या बायकोला बारा वर्षांनी घड्याळाची टिकटिक ऐकू आली, कुणा शेतकऱ्याला चर्चमधली घंटा. जेवणाच्या सुट्टीत मी ती पत्रं सहकाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. आम्ही खूप हसायचो. इतके भोळे लोक होते तरी कसे, असं मी म्हणायचे.

त्याच सुमारास माझ्या एका मैत्रिणीनं बँकेतली नोकरी सोडून तेलांचा धंदा सुरू केला. इंग्लंडला आल्यावर पहिली दोन वर्षं आम्ही क्रॉयडनला एकाच घरात राहिलो होतो. वेम्बलीजवळ एक लहानसं युनिट घेऊन ती केसांचं, सांध्यांचं आणि कानाचं तेल बनवत होती. एका रविवारी ती म्हणाली, “अगं, लीफलेट लिहून दे ना. इंग्लिश, मराठी दोन्ही. फक्त ‘बरं होतं’ असं लिहायचं नाही हां, इथे चालत नाही ते.”

मला शहाणपणा दाखवायची संधी मिळाली. “एक युक्ती सांगू? जुनी आहे, पण भारी आहे. आपण काहीच म्हणायचं नाही. बरं झालेल्यांनी म्हणायचं.”

“पण अजून बरं झालेलं कुणी नाहीये.”

“होतील की.”

दोघी हसलो. इथल्या नियमांत असं पत्रही बसत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी शोधायलाच गेले नव्हते. त्याच दुपारी तिच्या टेबलाशी बसून मी पत्र लिहिलं. ‘डॉक्टरांकडे जावं की न जावं, या विचारात होते. झोपताना दोन थेंब घालू लागले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी खिडकीबाहेरचे पक्षी ऐकू आले आणि मला रडू आलं. बहिणींनो, धीर सोडू नका. तीन आठवडे द्या.’ शेवटची दोन वाक्यं मी त्या खोक्यातल्या एका कागदावरून जवळजवळ तशीच उचलली होती. पक्षी माझे होते. मैत्रिणीनं वाचलं, तर तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मला फार बरं वाटलं.

आमच्या घरापासून दोन घरं सोडून एक मावशी राहतात. त्या नागपूरच्या, मीही नागपूरची, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे राहायला आल्या. मुलगा कामासाठी आठवडाभर दुसऱ्या शहरात असतो. मावशी एकट्या बसनं फिरतात, लायब्ररीत जातात, आमच्या भागातल्या मराठी बायकांची महिन्यातून एकदा बैठक घेतात. मला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत आणि चुकलं तर बोलत.

त्या मार्चमध्ये मी त्यांच्याकडे गेले, तर बोलताना त्या सारखी मान वळवून उजवी बाजू माझ्याकडे करत होत्या.

“कान दुखतोय का, मावशी?”

“दुखत नाही गं. एक दिवस उठले तर डावा बंद. सर्दी असेल. औषध चालू आहे.”

औषध चालू आहे म्हणजे डॉक्टरकडे गेल्या असतील, असं मी धरून चालले. कुठलं औषध, ते मी विचारलं नाही.

तीनेक आठवड्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. कान अजून बंदच होता. शेवटी त्यानं जीपीला, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांना, फोन केला, तर त्यांनी लगेच हॉस्पिटलला पाठवलं. त्याला त्या दिवशी येणं शक्य नव्हतं. “आईला इंग्लिश येतं, पण एका कानानं डॉक्टरांचं भरभर बोलणं कळत नाही. तुम्ही जाल का सोबत?”

डॉक्टरांच्या खोलीत मी मावशींच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसले. डॉक्टर तरुण होते, बोलायला मृदू. ऐकण्याची तपासणी आधीच झाली होती. त्यांनी विचारलं, “इतके दिवस का थांबलात?”

मी तो प्रश्न मावशींच्या उजव्या कानाशी वाकून मराठीत सांगितला. त्यांनी पर्स उघडली आणि घडी घातलेला एक कागद बाहेर काढला. मला घडीवरूनच रंग ओळखू आला. हिरवा रंग मीच निवडला होता.

“ईलिंग रोडवरच्या दुकानात तेल मिळालं. यात एका बाईंचं पत्र आहे बघ. त्यांना अगदी असंच झालं होतं. तीन आठवडे द्या, असं लिहिलंय. म्हणून दिले. सांग त्यांना.”

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी खुर्चीत मागे टेकले आणि हळू आवाजात इंग्लिशमध्ये म्हणाले, “त्यांना सर्दी वाटली. आपोआप जाईल असं वाटलं.”

माझं बोलणं मावशींच्या बंद कानाच्या बाजूनं गेलं. त्यांना ते ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी कानात पाहिलं. “काही घातलंय का यात? तेल?”

“हो, काहीतरी घरगुती,” मी म्हणाले. “जुन्या समजुती असतात ना.”

डॉक्टर मावशींकडे पाहून हसले. दूरच्या खेड्यातून आलेल्या आजीबाईकडे पाहून हसावं तसं हसले आणि कॉम्प्युटरवर लिहू लागले. मावशीही सभ्यपणे हसल्या. कागद अजून त्यांच्या हातातच होता.

कान असा अचानक जातो तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलं तर काहींना फायदा होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता इंजेक्शनं देऊन बघू, पण फार आशा ठेवू नका. लवकर आला असतात तर कान नक्की वाचला असता का, ते सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी मावशींना दोनदा सांगितलं. ते मी त्यांच्यासाठी सांगत नव्हते.

इंजेक्शनं झाली. कान आला नाही.

मी मैत्रिणीकडे जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पण पत्र मी नाही लिहिलं गं.” ते खरंच होतं. तिनं लीफलेट काढून टाकली, कानाचं तेलही बंद केलं. आमचं बोलणं मात्र त्यानंतर कमी कमी होत गेलं.

मावशींना सांगायला मला दोन महिने लागले. मध्ये चार-पाच वेळा गेले आणि चहा पिऊन परत आले. शेवटी एका दुपारी त्यांच्या उजव्या बाजूला बसून सांगून टाकलं.

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, “ती हॅरोची बाई?”

“मीच.”

“आणि पक्षी?”

“तेही मीच लिहिलं.”

त्या म्हणाल्या, “पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नका, हे मी वर्गात आयुष्यभर सांगितलं. मला ते पत्र पुरावा वाटलं. बाईनं बाईला लिहिलं होतं ना.”

“मला लाज वाटते, मावशी,” मी म्हणाले. त्यांनी पुढे विचारलं, “हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ‘का थांबलात’ असं विचारलं, तेव्हा तू काय सांगितलंस?”

तेही सांगितलं. आतापर्यंत न चढलेला त्यांचा आवाज तिथे चढला.

“म्हणजे त्यांच्या फायलीत मी अडाणी म्हातारी आहे? जुन्या समजुतींची?”

“मावशी...”

“लॅपटॉप आण.”

त्यांनी डॉक्टरांना पत्र सांगितलं, इंग्लिशमध्ये, थांबत थांबत. मी टाइप केलं. ‘मी विज्ञानाची शिक्षिका आहे. अमुक जाहिरात वाचून मी थांबले. त्यातलं पत्र खोटं होतं. माझ्यासोबत आलेल्या बाईंनी माझं उत्तर तुम्हाला सांगितलं नाही.’ मग तसंच दुसरं पत्र कौन्सिलला, म्हणजे अशा तक्रारी घेणाऱ्या इथल्या नगरपालिकेला. “ते खोटं पत्र लिहिणारीचं नाव घाल,” त्या म्हणाल्या. माझी बोटं थांबली. त्यांनी घाई केली नाही. मी नाव घातलं. त्यांनी दोन्ही पत्रं चष्मा लावून वाचली, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हणाल्या, “आता तुम्ही जा.”

तेव्हापासून त्या मला ‘तुम्ही’च म्हणतात. रस्त्यात भेटल्या की नीट बोलतात, घरच्यांची चौकशी करतात. हॉस्पिटलचं उत्तर आलं, पत्र फायलीला जोडलंय म्हणून. कौन्सिलच्या माणसानं मला फोन करून प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मैत्रिणीला ताकीद मिळाली. संग्रहालयात मी वरिष्ठांना सगळं सांगितलं. त्यांनी ते खोकं दुसऱ्या कुणाला दिलं.

गेल्या महिन्याच्या बैठकीत मावशी कानाविषयी बोलल्या. मीही गेले होते. आम्ही वीसेक जणी होतो. एक कान अचानक बंद झाला तर त्याच दिवशी फोन करा, तेल नको, वाट बघणं नको, असं त्यांनी फळ्यावर लिहावं तसं स्पष्ट सांगितलं. मग लीफलेटची गोष्ट सांगितली. पत्र एका शिकलेल्या मराठी बाईनं घरबसल्या रचलं होतं, एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रांगेतली एक बाई संतापून म्हणाली, “कोण आहे ती? लाज वाटत नाही का?”

“वाटते, असं म्हणाली,” मावशी म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी तेव्हा उभं राहायला हवं होतं. दोन्ही हात मांडीखाली दाबून मी बसून राहिले. विषय बदलला, चहा आला, आणि शेजारच्या बाईनं बिस्किटांची प्लेट माझ्यापुढे धरली तेव्हा मी एक बिस्किट घेतलं.