टक्‌नंतरचा पहिला आवाज

"आवाज पुसले गेले असते तरी चाललं असतं हो मॅडम, माझी शांतताच पुसली गेली!"

हे वाक्य तिनं आपल्या मार्गदर्शक बाईंना फोनवर ऐकवलं, भर दुपारी, समुपदेशन केंद्राच्या जिन्यात उभं राहून. पलीकडे बाई म्हणाल्या, "आधी बसा. पायरीवर बसलात तरी चालेल. आता सांगा, काय झालं?"

ती पायरीवर बसली आणि सांगू लागली.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती समुपदेशन मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. त्याआधी नऊ वर्षं ती याच केंद्रात बाहेरच्या टेबलाशी बसून येणाऱ्यांच्या वेळा लिहून घ्यायची. माणूस आत जाताना दिसे, पन्नास मिनिटांनी बाहेर येताना दिसे. तोच शर्ट, तीच चप्पल, पण चेहरा कुठेतरी हललेला. दाराआड काय झालं असेल, या कुतूहलानं तिला पोखरलं. बाहेरून परीक्षा देत ती पदवीधर झाली, मग एम.ए., मग प्रशिक्षण. आणि एके सकाळी ती त्याच दारातून आत जाऊन समुपदेशकाच्या खुर्चीत बसली. त्या दिवशी घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली होती, "अहो, आतून ते दार फारच साधं दिसतं."

आत बसल्यावर तिला कळलं, की खरी गोष्ट बोलण्यात नाहीच. समोरचा माणूस बोलता बोलता थांबतो. पंखा फिरत राहतो. तो आपल्या नखांकडे बघतो, खिडकीकडे बघतो, आणि त्या गप्पपणात काहीतरी वर येऊ लागतं, विहिरीतून दोर ओढावा तसं. समुपदेशकानं तेव्हा थांबायचं असतं. किती थांबायचं? कोण आधी बोलतं? त्यानंतर काय निघतं? हाच तिनं प्रबंधाचा विषय घेतला.

घरात हे कळलं तेव्हा सासूबाई हातातलं ताट खाली ठेवून म्हणाल्या, "गप्प बसण्यावर डॉक्टरकी? आणि ते शिकायला तुला आमचंच घर मिळालं?"

"म्हणूनच तर बाहेर जाऊन शिकते, आई."

"जा बाई जा. आणि डॉक्टर झालीस तरी माझ्या गुडघ्याला उपयोग शून्य, हे मी आत्ताच सांगून ठेवते."

बारा माणसांनी लेखी संमती दिली. प्रत्येकाची पाच सत्रं, अशी साठ सत्रं रेकॉर्ड करायची ठरली. रेकॉर्डर नवऱ्यानं दिला. त्याचं रेडिओ, स्पीकर, फोन असं काहीबाही दुरुस्त करण्याचं दुकान होतं. बायकोच्या संशोधनात आपलाही हात लागावा अशी त्याची इच्छा होती. त्यानं तो रेकॉर्डर उघडून साफ केला, नवी बॅटरी बसवली आणि बायकोची मध्येच पंचाईत होऊ नये म्हणून प्रेमानं एक छोटी सोय चालू करून ठेवली. ती बायकोला सांगायची मात्र राहून गेली.

इथे तिच्या स्वतःच्या शिस्तीनं तिचा घात केला. आपलं रेकॉर्डिंग ऐकत बसलं तर पुढच्या सत्रात आपण वेगळं वागू, मुद्दाम जास्त थांबू, आणि मग अभ्यास खोटा होईल, असं तिला वाटलं. म्हणून तिनं नियम घातला, की साठच्या साठ सत्रं पूर्ण होईपर्यंत एकही ऐकायचं नाही. दरवेळी फक्त सुरुवातीचं अर्धं मिनिट तपासायचं, ज्यात ती स्वतः तारीख आणि क्रमांक सांगत असे. आवाज स्वच्छ यायचा. चौदा महिने ती असं न ऐकता साठवत गेली, दुष्काळाच्या भीतीनं कोणी पाणी साठवावं तसं.

साठावं सत्र संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नवी वही आणि स्टॉपवॉच घेऊन बसली. पहिलं रेकॉर्डिंग लावलं. माणूस बोलत होता, ती बोलत होती, माणूस बोलत होता. गप्पपणा येईना. पन्नास मिनिटांचं सत्र एकतीस मिनिटांत संपलं. दुसरं चौतीस मिनिटांत. एकात तर बावीसच. रेकॉर्डर आवाज असला की चालायचा आणि तीन सेकंद शांतता झाली की स्वतःहून थांबायचा. बॅटरी वाचावी म्हणून.

नोंदणीची मुदत संपायला सात महिने उरले होते. एकदा वाढवून झाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. नवी साठ सत्रं घ्यायची तर आणखी चौदा महिने. म्हणजे सगळं मुळापासून, नाहीतर सोडून द्यायचं.

मार्गदर्शक बाईंनी हे सारं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचीच तिला धास्ती वाटली. "जे गेलं त्याची यादी नको," त्या म्हणाल्या. "जे उरलंय त्याची करा. सोमवारी घेऊन या."

संध्याकाळी नवरा दुकानातून आला तेव्हा ती स्वयंपाकघरात रेकॉर्डर समोर ठेवून बसली होती. त्याला सगळं कळल्यावर तो चप्पल न काढताच खाली बसला.

"मीच केलं ना हे?"

"केलंत प्रेमानंच. पण केलंत."

"अगं, मग अंदाजानं भर की! सत्रं तूच घेतलीस. कुठं किती थांबली होतीस, आठवत असेल."

"आठवतं असं वाटतं, अहो. म्हणूनच भरायचं नाही."

त्यानं रेकॉर्डर उचलून कानाशी हलवून पाहिला. मग म्हणाला, "एक ऐकू दे मला."

"नाही. ती माणसं माझ्याशी बोललीत, तुमच्याशी नाही."

"बरं, मग आपलं काहीतरी रेकॉर्ड करू. हे यंत्र थांबून पुन्हा सुरू होतं तेव्हा खूण सोडतं का, तेवढंच बघायचंय."

जेवताना रेकॉर्डर ताटांच्या मधे ठेवला. सासूबाईंना फक्त एवढं सांगितलं, की हवं ते बोला. त्या शेजारणीच्या नव्या पडद्यांवरून निघाल्या त्या तीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नात पोचल्या. जेवण झाल्यावर नवऱ्यानं हेडफोन लावून डोळे मिटले. चेहरा पडला.

"काय झालं?"

"आईच्या रेकॉर्डिंगमध्ये यंत्र एकदाही थांबलेलं नाही."

"माझ्या नावानं काय कुजबुज चाललीय?" आतून आवाज आला.

शेवटी ते दोघंच बाल्कनीत बसले. बोलायचं, दहा आकडे मनात मोजायचे, पुन्हा बोलायचं. नवऱ्यानं ऐकलं, मागं नेलं, पुन्हा ऐकलं आणि हेडफोन काढून तिच्या कानांवर चढवला. "शब्दांकडे लक्ष देऊ नकोस. शब्दांच्या मधे ऐक."

तिनं ऐकलं. एक अगदी बारीक टक्. भांड्याला नख लागावं एवढं. यंत्र थांबून पुन्हा सुरू झालं होतं, त्याची खूण.

ती उठून उभी राहिली. "अहो, यंत्र पुन्हा कधी सुरू होतं?"

"कोणीतरी बोललं की."

"म्हणजे टक्‌नंतर पहिला आवाज कोणाचा?"

"जो बोलला त्याचा. दुसरा कोणाचा असणार?"

"गप्पपणा ज्यानं मोडला त्याचा!" ती जवळजवळ ओरडली. "दरवेळी! एकही वेळ न चुकता! शांतता शाबूत असती तर मी स्टॉपवॉच घेऊन सेकंदच मोजत राहिले असते हो!"

समोरच्या इमारतीतल्या एका माणसानं खिडकी उघडून बघितलं आणि पुन्हा लावून घेतली.

सोमवारी ती बाईंसमोर बसली तेव्हा तिचे शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. सत्र पन्नास मिनिटांचं, रेकॉर्डिंग एकतीसचं, म्हणजे एकोणीस मिनिटं गप्पपणाची. किती वेळा, ते टक् मोजून कळेल. कोणी मोडला, ते पहिल्या आवाजावरून. एकेक गप्पपणा किती लांब, ते मात्र कधीच कळणार नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शीर्षक बदलावं लागेल. समितीला मी पत्र देते. आणि हे यंत्र का वापरलं, कसं बिघडलं, ते पहिल्या प्रकरणात उघड लिहायचं. लपवायचं नाही."

"नवऱ्याचं नाव घालू का?"

"आभारात घाला. दोषात नको."

पुढचे सहा महिने ती टक् शोधत होती. पहाटे दोन तास, केंद्रातून आल्यावर दोन तास. वहीत दोन रकाने: मी, ते. पहिल्या महिन्यात ती हादरली. पहिल्या सत्रांमध्ये गप्पपणा मोडणारी शंभरात ऐंशी वेळा तीच होती. ज्या थांबण्याचा तिला अभिमान होता, ते थांबणं तिला जमतच नव्हतं. माणूस विहिरीत दोर सोडतो न सोडतो तोच ही वरून हाक मारत होती. तिला स्वतःचा आवाज नकोसा झाला. पण दुसरा रकाना भरू लागला तेव्हा उत्साहानं तिची झोप उडाली. समोरच्यानं स्वतः गप्पपणा मोडला, की त्याच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत कितीदा तरी असं काही येत होतं, जे तो आधी कधीच बोललेला नव्हता. तिनं मोडला, की फार क्वचित. सहाव्या माणसाच्या नोंदींपर्यंत तिला वाटलं योगायोग असेल. नवव्यापर्यंत ती उड्या मारायच्या बेतात आली.

सातव्या माणसाचं चौथं सत्र तिनं तीनदा ऐकलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. भाऊ गेल्यापासून त्याला बंद जागेत काम करता येईना. टक्. आणि त्याचा आवाज: "त्या दिवशी त्याचा फोन आला होता. मी उचलला नाही." प्रबंधात तो फक्त 'क्रमांक सात' होता. त्याचा धंदाही तिनं बदलून लिहिला होता.

मुदत संपायला नऊ दिवस असताना प्रबंध दाखल झाला.

तोंडी परीक्षा खुली होती. विभागाच्या फलकावर सूचना लागली, आणि संमतीपत्रात कबूल केल्याप्रमाणे बाराही जणांना काम पूर्ण झाल्याचं आणि परीक्षेच्या तारखेचं पत्र गेलं. लांब टेबल, तीस-पस्तीस खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. सासूबाई पहिल्या रांगेत, नवरा त्यांच्या शेजारी, नव्या शर्टात अवघडलेला. ती बोलायला उभी राहिली तेव्हा आधी कागदावरून वाचत होती, पण तिसऱ्या मिनिटाला ती सगळं विसरून टक्‌बद्दल सांगत सुटली. मागं बसलेले विद्यार्थी पुढं सरकले.

तेव्हाच तिला शेवटच्या रांगेत लिफ्टवाला दिसला.

समुपदेशनाच्या व्यवसायाचा एक नियम आहे. केंद्रात येणारा माणूस बाहेर भेटला, तर त्याला समुपदेशकानं आधी ओळख दाखवायची नसते. त्यानं दाखवली तर ठीक. नाही दाखवली तर तो रस्त्यावरचा कोणीही. तिनं नजर पुढच्या रांगेवर आणली.

बाहेरून आलेले परीक्षक सडपातळ, मृदू आवाजाचे होते. "अभ्यास मला आवडला," ते म्हणाले, आणि मार्गदर्शक बाईंनी पेन घट्ट धरलं. "पण एक अडचण आहे. गप्पपणा तुमच्याकडे नाहीच. फक्त त्याच्या कडा आहेत. तो माणूस आतून मोकळा झाला म्हणून बोलला, की अवघडून बोलला? हे तुम्हाला कसं कळलं? बारापैकी एकानं तरी येऊन सांगितलंय का?"

शेवटच्या रांगेतल्या माणसानं समोरच्या खुर्चीची पाठ धरली. तो उठणार होता. तिला ते स्पष्ट दिसलं. तो उठला, दोन वाक्यं बोलला, तर या खोलीत कोणालाही शंका राहणार नव्हती. पदवी तिथं, त्या खुर्चीच्या पाठीवर ठेवल्यासारखी होती. आणि तो उठला की तीस-पस्तीस अनोळखी माणसांत सातवा क्रमांक उघडा पडणार होता.

"नाही सर," ती घाईनं, मोठ्यानं म्हणाली. "कोणी सांगितलेलं नाही, आणि मी कोणाला विचारणारही नाही. ते मोकळे होऊन बोलले की अवघडून, मला माहीत नाही. पान एकशे त्रेचाळीसवर मी तसंच लिहिलंय. मला एवढंच माहीत आहे, की मी आधी बोलले नाही तेव्हा ते अधिक पुढं गेले."

परीक्षकांनी पान काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. त्या माणसाचा हात खुर्चीवरून खाली आला.

"हो, लिहिलंय," परीक्षक म्हणाले आणि शेजारच्या अध्यक्षांकडे झुकले. दोघं थोडा वेळ बोलले. मग अध्यक्ष उभे राहिले आणि पदवीची शिफारस करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

टाळ्यांत सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "झाली की नाही! मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी असं कधीच म्हटलेलं नव्हतं. नवऱ्याला टाळ्या वाजवायचं सुचेना, तो नुसता हसत होता. विद्यार्थी तिच्याभोवती जमले, मग चहासाठी सगळा घोळका बाहेर व्हरांड्यात गेला. "अगं ये ना लवकर, फोटो काढायचाय!" नवऱ्यानं दारातून हाक मारली.

ती कागद गोळा करत होती. कोणाला तरी मिठी मारावी असं तिला वाटत होतं. खोलीत शेवटच्या रांगेत एकच माणूस उरला होता, हात मांडीवर ठेवून. दाराकडची वाट त्याच्या खुर्चीजवळूनच जात होती. त्यानं वर बघितलं असतं तर ती थांबणार होती.

त्यानं मान वर केली नाही. तिनं कागद छातीशी धरले आणि नेहमीच्या पावलांनी त्याच्या शेजारून, एक शब्दही न बोलता, ती बाहेर गेली.