चांदण्यांच्या रेघा तुटल्या तिथं

भूत-बित मी मानत न्हाई. ऊसतोडीला गेल्यावर मसणाच्या कडंला पाल ठोकून झोपलेला माणूस मी, भ्यावं कशाला? पण हे लिवल्याबिगर ऱ्हाववंना... चौथी शिकलोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाव आमचं युसूफ वडगावच्या अलीकडं. दुष्काळात दूध सोसायटीनं तळ्याकाठी गुरांची छावणी घातलती. तळं पार कोरडं. मी दोन बैल घिऊन तिथंच ऱ्हायचो. घरी होतं कोण? माझी बायको कौसा त्याच साली उसाच्या फडात तापानं गेली. तिकडंच, परक्या नदीवर जाळली. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात... मी अर्धाच कोयता माघारी आलो. एकच घोर लागलता — ती तिकडंच ऱ्हायली का काय?

भाचजावई पुण्याचा, रातीचे फोटो काढायचा लई नाद. छावणीवर आला. म्हणला, मामा, कॅमेरा अर्धा तास उघडा ठिवला की चांदण्या रेघा ओढत्यात. तुमी वर तळ्याच्या पाळीवर, बांधावर बसा, मी खालून तळ्यातून काढतो. हलू नका, हलणारं माणूस फोटोत उमटत न्हाई. मी म्हणलो, पाव्हणं, मग बैलाला बसवा की. पण बसलो. अमावस्येचं आभाळ, चांदण्यांनी गच्च भरलेलं. आजूबाजूला चिटपाखरू न्हाई.

मग त्यानं फोटो दावला. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावांचे तुकडे एकात एक ठिवावेत तशा आभाळभर रेघा! मधी मी, काळा. आन् माझ्या डाव्या अंगाला रेघा मधीच तुटलेल्या. तेवढ्या जागेत एक चांदणी न्हाई. डोईवर पदर, गुडघ्याला हाताची मिठी... बाईमाणूस बसल्यावानी.

जावई म्हणला, "मामा, शेजारी कोण बसलं होतं?"

"कोण न्हाई."

"एवढं ठार काळं उमटायचं म्हंजी, अर्धा तास जागचं हललं न्हाई कुणी."

मोळ्या, पाणी, भाकरी, गुरं... कौसा जल्मात घडीभर बूड टेकून बसली न्हाई.

त्यानं तिथंच दुसरा फोटो काढला. त्यात मी एकला, रेघा सगळ्या धड. काचंवर कायतरी आलं असंल, म्हणला. असंल बाबा. मला आजपतुर उलगडा झाला न्हाई. पण त्या रातीपासून घोर गेला. एवढ्या लांबून ती घरी आली, आन् एकदाची बसली.