दस्तगीरची सबील आणि माझं मचूळ पाणी

सकाळी सहाला फोन वाजला की कोणाचा आहे हे बघायची मला गरज नसे. पलीकडून दस्तगीर ओरडायचा, "मास्तर, मोटार टाक की! सूर्व्या डोक्यावर आला!" सूर्य तेव्हा उगवलेलाही नसायचा. माझ्या मळ्यातल्या विहिरीची मोटार मी चालू करायची आणि त्यानं ट्रॅक्टरमागची टाकी लावून पाणी भरून न्यायचं, हा आमचा सहा वर्षांचा नेम होता. त्या दिवशी फोन यायला साडेसहा झाले. मी आधीच मोटार टाकून बसलो होतो. फोन उचलताच म्हणालो, "चालू केलीय रे बाबा, उगाच गाव गोळा करू नकोस." पलीकडून त्याच्या बायकोचा, शमीमवहिनींचा आवाज आला, "भावजी... त्ये गेले." पहाटेच्या नमाजासाठी हातपाय धुऊन बसला, तो बसल्याजागीच गेला. मी तसाच पायांत चपला अडकवून निघालो. मोटार बंद करायचं भान राहिलं नाही, आणि दुपारी परतलो तेव्हा माझा निम्मा कांदा पाण्यात होता. जातानाही माझं थोडं नुकसान केल्याशिवाय हा माणूस गेला नाही.

परवा त्याचा चाळिसावा दिवस झाला. तेव्हापासून लिहू लिहू म्हणतोय, पण रडका लेख लिहिला तर दस्तगीरला तो चालणार नाही, हे पक्कं ठाऊक आहे. नगरहून पारनेरकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथल्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी रसायनशास्त्र शिकवायला कॉलेजात लागलो आणि तो ट्रॅक्टरचा मेस्त्री झाला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठं काय बिघडलंय ते सांगायचा. गणितात मात्र त्याला कधी पस्तीसच्या वर मार्क पडले नाहीत, आणि मी त्याला ते आयुष्यभर विसरू दिलं नाही.

रस्त्याच्या कडेला त्याचं वर्कशॉप, मागे आजोबांनी खणलेली विहीर आणि पुढे लिंबाखाली ओळीनं सात माठ. मोहरमात मुसलमान घरं येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी, सरबत पाजतात, त्या पाणपोईला सबील म्हणतात. इतरांची सबील दहा दिवसांची. दस्तगीरच्या आजोबांनी ती बाराही महिन्यांची केली आणि पुढे तिच्यात एका दिवसाचाही खंड पडला नाही. तिथं कोणाला नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही आणि तहानलेल्याला परत पाठवायचं नाही, एवढे तीनच नियम. श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवाल्यांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे तिथं थांबत. पाणी होतंही तसं! गार, हलकं, आणि त्यात केवड्याचा एक थेंब. आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी मात्र चढावरचं आणि मचूळ. डाळ शिजत नाही, चहाला रंग येत नाही. दस्तगीर चारचौघांत म्हणायचा, "मास्तरच्या हिरीचं पानी म्हशीला दाखवलं, तर म्हैस आदी मालकाकडं बगती." मी चिडायचो, आणि रोज संध्याकाळी त्याच्याच सबिलीवर जाऊन दोन तांबे प्यायचो.

एकदा मात्र माझा संयम सुटला. म्हटलं, लाव पैज, होऊन जाऊ दे तपासणी. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याच्या प्रयोगशाळेत होता. मी दोन्ही विहिरींचे नमुने पाठवायचं ठरवलं, आणि दस्तगीरची बाटली त्यानंच भरली. आठवड्यानं पोराचा फोन आला. "सर, एका नमुन्याला सरबताचा वास येतोय... आणि हे बाटलीला बांधलेलं गुलाबाचं फूल काढायचं का?" मी तडक वर्कशॉप गाठलं. दस्तगीर ट्रॅक्टरखाली होता, तिथूनच म्हणाला, "मंग? परक्या गावाला पानी पाठवायचं, त्ये काय नुसतं? आमच्या सबिलीचं पानी हाय त्ये. केवडा टाकला, वाईच गाळलं, मडक्यात गार केलं. लोकं काय म्हनतील?" तपासणीला जाणारं पाणी जसंच्या तसं जावं लागतं, हे मी त्याला पाऊण तास समजावलं. शेवटी तो म्हणाला, "म्हंजे नवरी बगायला येनार आन् तिनं तोंडबी धुवायचं न्हाई?" दुसरा नमुना मी स्वतः भरला.

अहवाल आला आणि माझं हसू पळालं. माझ्या विहिरीत क्षार भरपूर, बाकी पाणी निर्धोक. दस्तगीरच्या गोड पाण्यात मात्र कारखान्यांतली ती चिवट रसायनं सापडली होती. तव्याला काही चिकटू नये, कापडावर पाणी ठरू नये, आग विझवायचा फेस टिकावा, म्हणून माणसानं ती बनवली. ती इतकी टिकाऊ निघाली की मातीत मुरतात, पाण्यात उतरतात, रक्तात जाऊन बसतात आणि लवकर हलत नाहीत. त्यांना ना चव, ना वास. दस्तगीरच्या विहिरीकडं जिकडून उतार येतो त्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे, पण नेमकं कुठून काय झिरपलं ते आजही ठरलेलं नाही. प्रमाण जास्त होतं, एवढं मात्र त्या पोरानं मला तीनदा बजावून सांगितलं.

दोन दिवस मी तो कागद खिशात घेऊन फिरलो. पैज जिंकल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. शेवटी सांगितलं. दस्तगीरनं हात पुसले आणि माठांकडं बघत बसला. मग त्यानं मला विचारलं, "मास्तर, माझ्या आज्ज्यानं, बापानं, मी... एवढ्या लोकांस्नी पाजलं. त्ये पुन्य झालं का पाप?" मी त्याला रसायनं किती सालापासून वापरात आली वगैरे सांगू लागलो. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. माणूस काय विचारतोय आणि मी काय सांगतोय! उत्तर दिलं ते शमीमवहिनींनी. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पाजनाऱ्याची नियत साफ हुती. पान्याचं आज कळलं. आता कळल्यावर पाजलं, तर त्ये पाप."

आता कळलं म्हणजे लगेच काहीतरी करायला हवं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर वर्कशॉपच्या मागे तीन चुली धडधडतायत. नवरा-बायको मिळून विहिरीचं पाणी उकळून, गार करून माठांत भरतायत. कॉलऱ्याच्या काळापासून आमच्या गावाला एकच औषध ठाऊक, पाणी उकळा. मी म्हटलं, "अरे, वहिनी बासुंदी करतात तेव्हा दूध आटवतात, त्यानं साखर उडून जाते का? पाणी तेवढं उडतं, ती रसायनं मागं राहतात. उलट दाट होतात." दस्तगीरनं हातातला पळा खाली ठेवला. "म्हंजे कालपास्नं मी लोकांस्नी बासुंदी पाजली?" वहिनींना हसू आवरेना. मग तोही हसला, पण डोळे भरले होते.

सबील बंद करायची की नाही, हा खरा पेच होता. तहानलेल्याला परत पाठवायचं नाही, हा आजोबांचा नियम, आणि पाजायला त्याच्याकडं पाणीच उरलं नव्हतं. अख्खा रस्ता पाणी पिणार, त्याला घरगुती फिल्टर पुरा पडेल थोडाच. त्या संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तुझी ती... म्हशीची हीर. तिचं पानी देशील का?" मी मान हलवली. लगेच पठ्ठ्या मूळपदावर. "आसं तोंड करू नगं. पानी मचूळच हाय. मी लोकांस्नी तसं सांगूनच पाजनार."

आणि खरंच सांगायचा. "घ्या, मास्तरचं पानी हाय, चवीला नावं ठेवा, पन बिनघोर प्या." स्वतःच्या विहिरीवर मात्र त्यानं पाटी लावली, 'हे पाणी पिऊ नये.' गावात बोभाटा झाला. शेजारचा एक गोठेवाला तावातावानं आला. "दस्तगीरभाई, आमी जल्मापासून ह्योच पाझर पितो, काय धाड भरली? तुमच्या पाटीपायी उद्या डेअरीनं आमचं दूध न्हाई घेतलं, तर?" दस्तगीरनं त्याला माठातलं पाणी दिलं आणि म्हणाला, "धाड भरली का न्हाई, मला म्हाईत न्हाई. पन कळल्यावर झाकून ठेवलं, तर मला झोप लागायची न्हाई. तूबी तुझं पानी तपासून घे. मास्तर पाठवंल. फकस्त केवडा टाकू नगंस." रात्रीतून कोणीतरी पाटी पुसली. त्यानं दुसरी लावली, आधीपेक्षा मोठी. तीही पुसली. तिसऱ्यांदा त्यानं पाटीच लावली नाही. ट्रॅक्टरचा लाल रंग घेतला, विहिरीचा अख्खा कठडा रंगवला, वर लोखंडी झाकण टाकलं आणि कुलूप घातलं. वर्षभरानं तोच गोठेवाला माझ्याकडं बाटली घेऊन आला. कोरडी, स्वच्छ बाटली.

पुढे त्या विद्यार्थ्यानं आम्हा दोघांचं रक्तही तपासलं. दोघांच्याही रक्तात ती रसायनं होती, त्याच्या जास्त, माझ्या कमी. मी अहवाल वाचत असताना त्यानं माझ्या खांद्यावरून डोकावून दोन्ही आकडे बघितले. "आरं मास्तर, जल्मात पयल्यांदा तुझ्यापक्षी जास्त मार्क पडलं की मला!" आणि पेढे आणायला निघाला. खरंच आणले. त्याच्या जाण्याशी त्या पाण्याचा काही संबंध होता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही. मी रसायनशास्त्राचा माणूस, मला हे उत्तर बरोबर वाटतं. त्याचा मित्र म्हणून मला ते पुरत नाही.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा माणसं जमायला लागली होती. पडदा बांधून मय्यतीला आंघोळ घालायची तयारी चालली होती. बोरीचा पाला, कापूर, साबण काढून ठेवला होता. टाकी रिकामी होती. कोणीतरी ट्रॅक्टर घेऊन माझ्या मळ्याकडं निघालं, तेव्हा शमीमवहिनींनी त्याला थांबवलं आणि पदराची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. "भावजी, त्यांनी सांगून ठेवलंय. मला न्हाऊ घालायला माझ्याच हिरीचं पानी. मास्तरच्या पान्यात साबणाला फेस येत न्हाई. मी काय निम्मा मळका जाऊ म्हने, अल्लाच्या दारात?"

मी कुलूप काढलं. दोघांनी मिळून झाकण सरकवलं. सहा वर्षं कोणी हात न लावलेलं ते पाणी आत तसंच नितळ होतं. वर्कशॉपमधला दोर आणला आणि मी शेंदायला लागलो. मी बादली दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. एकेक बादली पडद्यापर्यंत नेऊन द्यायची आणि परत फिरायचं. थोड्या वेळानं पडद्याखालून पाण्याचा ओघळ दगडी फरशीवर आला. त्यावर फेस होता, पांढराशुभ्र, भरघोस.

"पुरं का?" मी विचारलं.

आतून आवाज आला, "आजून एक द्या, मास्तर."

मी दोन शेंदल्या.