मयताच्या लाकडांना कुलूप

शेवंताबाईंच्या वखारीत सातपुड्याचं लाकूड चोपड्याहून बैलगाड्यांनी येई. चुलीचं सरपण आत, ते वजनावर. बाहेर रस्त्याच्या कडेला, पण त्यांच्याच जागेत, बाभळीची एक मोठी रास उघड्यावर असे. ती मयताची. तिला ना भाव, ना काटा. घरात कुणी गेलं की माणसं गाडी घेऊन येत, मुकाट्यानं भरत आणि जात. तेवढा वेळ शेवंताबाई पाठ करून उभ्या राहत. ‘या’ नाही की ‘किती’ नाही. तेरावं झालं की ज्याला जमेल तो जमेल ते आणून देई. नवऱ्यामागं वखार हाती आली, तेव्हापासून त्यांनी ही रीत मोडली नव्हती.

चौतीस सालच्या चैत्रात शेजारच्या छगनशेटचा पटांगणातला कापूस पेटला. त्यावर गावच्या कमिटीनं ठराव केला, की उघड्यावर विक्रीचा माल ठेवणाऱ्यानं परवाना घ्यावा. त्याच्या अटी म्हणजे माणसाहून उंच पत्र्याचं कुंपण हवं, रास त्याच्या वर दिसू नये, दिवेलागणीला फाटकाला कुलूप, आणि कुंपणाबाहेर काडीसुद्धा नको.

कागद घेऊन कमिटीचा इन्स्पेक्टर जीवराम आला.

“छगनशेटना कापूस पेटना, नि कुपन मी घालू?” शेवंताबाई कडाडल्या.

“अक्का, अटी सगळ्यांना सारख्याच आहेत.”

“बठ्ठासले? मरनारासले बी?”

“मयताचं लाकूड आत घ्या. कुणी आलं तर हाक मारील, तुम्ही उघडा. त्यात काय एवढं?”

“काय एवढं! तुन्हा घरमा अजून कोनी मरनं नही वाटतं.”

जीवराम खाली बघत म्हणाला, “परवाना नसेल तर सगळा माल उचलून नेतील. माझ्या हातात काही नाही, अक्का.”

पोटाचा प्रश्न होता. शेवंताबाईंनी दात-ओठ खात अंगठा दिला. पत्रे आले, रास आत गेली, फाटकाला कुलूप लागलं.

आषाढात पलीकडच्या आळीतल्या वनाची बायको बाळंतपणात गेली. वना अंधार पडता गाडी घेऊन आला, तर फाटक बंद. त्यानं हाक मारली नाही. त्या लाकडासाठी आजवर कुणी हाक मारलीच नव्हती. आत शेवंताबाई देवापुढं दिवा लावून निजल्या होत्या. सकाळी फाटक उघडलं, तर हा चाकाला टेकून बसलेला. घरी बाई तशीच.

“आरे, हाक का नही मारी?”

“कशी मारू, अक्का?”

शेवंताबाईंनी नेहमीसारखी पाठ केली. गाडी गेल्यावर त्या तडक देवघराच्या दाराशी आल्या. “माले झोप लागनी, तू तं जागा व्हता ना?” देवाला असं बोलू नये. त्या दिवशी त्या बोलल्या.

मग पदर खोचून एकेक ओंडका त्यांनी बाहेर ओढला. रस्त्यावरची माणसं थांबली. छगनशेट भिंतीवरून म्हणाला, “बाई, आमच्याकडे गिऱ्हाईक येतं. हे अभद्र दारासमोर कशाला?”

“तुन्हं गिऱ्हाईक काय अमर शे?”

दुपारी जीवराम धावत आला. “अक्का, परवाना जाईल!”

“जाऊ दे.”

“खाल काय?”

“हात शेतस माले.”

तो घुटमळला. “विकायचं सरपण काढून टाका, मग अटी लागत नाहीत. ही रास विक्रीची नाही, एवढं लिहून घेतो. अंगठा द्या.”

“एकदाव दिना, तं वना रातभर बसना. आते नही देस.”

परवाना गेला. आतलं सरपण त्यांनी दुसऱ्या वखारीला देऊन टाकलं, आणि भुसावळच्या रस्त्यावरच्या कापसाच्या जिनात सरकी निवडायला जाऊ लागल्या. मजुरीतून जमेल तशी बाभूळ घेत. रास आता पूर्वीच्या निम्मीही नसे. कुणी भल्या मनानं म्हणालं, की शेवंताबाई, पुण्य लागेल, तर त्या उसळून म्हणत, “पुन्य नको माले. मन्ही वखार दे.”